गॅनॉनडॉर्फचा झगा : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५

पोर्टफोलिओत दोन वर्षांत एकही नवं चित्र नाही. ऑफिसात दिवसभर मोबाइल गेमसाठी नाण्यांच्या थैल्या आणि चमचमणाऱ्या पेट्या रंगवायच्या, घरी आल्यावर टॅब्लेटकडे बघवत नाही. म्हणून इथे लिहून ठेवतेय, म्हणजे पळवाट उरणार नाही: रोज रात्री दीड तास, सहा आठवडे, एकच पात्र. गॅनॉनडॉर्फ, ‘झेल्डा’ या व्हिडिओ गेम मालिकेतला खलनायक, वाळवंटातल्या गेरुडो जमातीचा राजा. पात्र निंटेंडो या जपानी गेम कंपनीचं आहे, विकायचं काही नाही, फक्त हात चालू राहावा एवढ्यासाठी.

मामाने सिंगापूरहून आणलेल्या थ्रीडीएसवर, म्हणजे निंटेंडोच्या हातात धरून खेळायच्या यंत्रावर, मी आणि दादा आळीपाळीने या मालिकेतला ‘ऑकॅरिना ऑफ टाइम’ खेळायचो. मूळ गेम १९९८ चा, निंटेंडो ६४ वरचा. आमच्या हाती आली ती २०११ ची नवी आवृत्ती. त्यात लिंक, म्हणजे आपण, पोरसवदा वयात पहारेकऱ्यांना चुकवत राजवाड्याच्या बागेत पोचतो. राजकन्या झेल्डा म्हणते, या खिडकीतून आत बघ. आत एक धिप्पाड माणूस गुडघा टेकून मान लववतोय. मग तो मान वळवतो आणि थेट खिडकीकडे बघतो. दादाने त्या दिवशी खेळ तिथेच बंद केला होता. आता कबूल करत नाही.

६ जानेवारी

आजवरची सगळी रूपं एका मोठ्या कॅनव्हासवर लावली. १९८६ च्या पहिल्या झेल्डात तो नुसता गॅनन होता, डुकराच्या तोंडाचा राक्षस. माणसाचं रूप आणि राज्य त्याला १९९८ मध्ये मिळालं: लाल केस, पिवळे डोळे, हिरवट कातडी, चामड्याचं चिलखत. ‘द विंड वेकर’मध्ये (२००२) तो वयस्क झालाय, पायघोळ झगा, रुंद बाह्या, हातात दोन तलवारी. ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये (२००६) अंगभर जाड चिलखत, आणि छातीवर फसलेल्या देहदंडाची पांढरी, धगधगती जखम. ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्ये (२०२३) जपानी धाटणीचा पोशाख, एक खांदा उघडा, केसांचा बुचडा.

चित्रकार म्हणून बघितलं तर यातलं शेवटचं सगळ्यात देखणं आहे, वादच नाही. माणूस म्हणून सगळ्यात खरा वाटतो तो मात्र ‘विंड वेकर’चा. शेवटाकडे तो आपल्या देशाबद्दल बोलतो. दिवसा भाजून काढणारा वारा, रात्री हाडं गोठवणारा वारा, आणि दोन्ही वारे मरणच घेऊन यायचे. हायरूलच्या, म्हणजे झेल्डाच्या राज्याच्या, हिरव्या रानावरचा वारा मात्र वेगळा होता, आणि तोच त्याला हवा होता. खलनायकाच्या तोंडी इतकं साधं कारण मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये ऐकलेलं नाही.

आज शेजारी शेजारी लावल्यावर एक गोष्ट खटकली. ‘विंड वेकर’मध्ये आणि ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये एकही गेरुडो दिसत नाही. पहिल्यात सगळं हायरूल समुद्राखाली गेलंय, दुसऱ्यात वाळवंट आहे पण माणूस नाही. राजा आहे आणि प्रजेचा पत्ता नाही. मग त्याच्या अंगावरचे हे कपडे शिवले कुणी?

या प्रश्नावर काम करायचं. गेरुडो ही बायकांची जमात, शंभर वर्षांतून एकदा मुलगा जन्मतो आणि तो राजा होतो. म्हणजे त्याच्या अंगावरचा प्रत्येक टाका कुणा बाईने घातलेला आहे. चित्रात तो एकटा असेल, तरी त्या बायका दिसल्या पाहिजेत.

८ जानेवारी

सुरुवात करण्याआधीची कटकट. या पात्राची ठेवणच अवघड आहे. बाकदार नाक, वाळवंट, बुरखेवजा जाळी घेतलेल्या आणि पोट उघडं ठेवणाऱ्या बायका. जुन्या हॉलिवूडने ‘पूर्वेकडचे लोक’ म्हणून जो एक खिचडी पोशाख बनवला, त्याचीच ही नक्कल. गेरुडोंचं मूळ चिन्हसुद्धा चंद्रकोर आणि तारा होतं. पुढे निंटेंडोने ते बदललं, आमच्या थ्रीडीएसवर दुसरंच होतं. म्हणजे चूक त्यांनाही कळली असावी.

मीही वाळवंटातल्या खऱ्या माणसांचे फोटो रेफरन्स म्हणून जमवतेय. मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय? तूर्त एक नियम केलाय: कुणाचंही चिन्ह, नक्षी, दागिना उचलायचा नाही. कापड उन्हात, वाऱ्यात, वाळूत कसं वागतं ते मात्र हवं तितकं शिकायचं. नियम पुरेसा आहे का माहीत नाही. दुसरा सुचेपर्यंत हाच.

आणि उघडं पोट बाद. त्या उन्हात दुपारपर्यंत सालपटं निघतील.

१२ जानेवारी

रविवार, म्हणून दीड तासाचे चार झाले. छत्तीस थंबनेल, म्हणजे छोटी कच्ची चित्रं, नुसत्या काळ्या आकृत्या, आत रेघ नाही. पहिल्या वीसमध्ये सवयीने खांद्यावर शिंगं, काटे, कवट्या, फाटकी टोकं आली. नखाएवढ्या लहान करून बघितल्या तर त्यातल्या बारा कुठल्याही गेममधला कुठलाही दुष्ट राजा म्हणून खपतील.

दादाला पाठवल्या. त्याचा फोन आला, “सात नंबर रावण आहे का गं? टीव्हीवरचा?”

सात नंबर पुसला. खरं तर तो मला आवडला होता.

काट्यांचं मला आणखी एक कळत नाही. वादळी वाऱ्यात राहणारा माणूस अंगावर अशी टोकं कशाला लावेल, ज्यात झगा अडकून फाटेल? आणि लोखंड? मे महिन्यात दुपारी उन्हात उभ्या गाडीच्या टाकीला हात लावून बघावा. चिलखत ठेवायचंच तर चामड्याचं, आणि तेही झग्याच्या आत.

शेवटच्या सोळांमध्ये एक बरी निघाली. एकतीस नंबर. जवळजवळ नुसता त्रिकोण आहे, वर डोकं, खाली जमिनीवर टेकलेला घेर. हात दिसत नाहीत. हातात काय असेल ते कळत नाही, म्हणून भीती वाटते.

१४ जानेवारी

संक्रांत. आईने काळी चंद्रकळा नेसली. मी टॅब्लेटवर एकतीस नंबरला काळा रंग भरत होते, तर तिळगूळ हातावर ठेवत म्हणाली, “वाळवंटातला ना तुझा हा? मग काळं कशाला? काळं ऊब धरतं, म्हणून तर आपण थंडीत नेसतो. भाजून मरेल बिचारा.”

बिचारा! तिला अजून कथा सांगितलेली नाही.

प्रश्न मात्र बरोबर होता, आणि शोधल्यावर उत्तर भलतंच निघालं. बेदुईन, म्हणजे वाळवंटातले भटके अरब, तापलेल्या वाळवंटात काळे झगे का घालतात, यावर १९८० साली ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला होता. काळ्या आणि पांढऱ्या झग्यांची उन्हात उभं राहून तुलना केली होती. काळं कापड जास्त तापतं हे खरंच आहे. पण झगा ढगळ असेल तर ती जादाची उष्णता कातडीपर्यंत पोचतच नाही, मधल्या हवेबरोबर निघून जाते. आतली हवा तापून वर सरकते, खालून नवी येते, चालताना घेर भात्यासारखा हलतो. कातडीपर्यंत पोचणारी उष्णता दोन्हींत सारखीच.

आईला सांगितलं. म्हणाली, “म्हणजे सैल हवं. घट्ट काळं नको. चंद्रकळा काय घट्ट असते?”

तर: काळा, आणि ढगळ. गळ्याशी फट ठेवायची, वर सरकलेली हवा जायला. गंमत म्हणजे खलनायकाचा काळा रंग, जो मी घासून गुळगुळीत झालाय म्हणून टाळणार होते, तो कारणासकट परत आला.

१९ जानेवारी

आजोबांची घोंगडी माळ्यावरून काढली. माण तालुक्यातली, दख्खनी मेंढीच्या काळ्या लोकरीची. स्वयंपाकघरातल्या काट्यावर सव्वादोन किलो भरली. खळ केव्हाच गेलीय, तरी अजून ताठपणा आहे. नवी असताना चिंचोक्याच्या खळीमुळे ती उभी राहायची म्हणे.

दादा आज आला होता, त्याला गच्चीत उभा केला, खोळ करून डोक्यावर घातली आणि वीस स्केचेस केली. तो कुरकुरत होता, टोचते म्हणून. पण जे मला कापडाच्या थ्रीडी सिम्युलेशनमध्ये आठवडाभर जमलं नव्हतं ते दहा मिनिटांत समोर आलं. रेशमासारख्या बारीक चुण्या पडतच नाहीत. खांद्यापासून खाली तीन-चार मोठ्या घड्या, त्यांना कोपरे येतात, आणि वारा आला की सगळं कापड एकदम हलतं, दाराच्या फळीसारखं. फडफडत नाही. आजवर मी काढलेले सगळे झगे फडफडत होते आणि म्हणून ते नाटकातले वाटत होते.

पावसात मेंढरांमागे खोळ घेऊन उभा असलेला धनगर लांबून नेमका एकतीस नंबर दिसतो. हे लक्षात आल्यावर जरा थबकले. मला त्या माणसाची आकृती खलनायकाला द्यायची नाहीये. ८ तारखेचा नियम माझ्या माणसांनाही लागू. म्हणून खोळ काढून टाकली, डोक्याला वेगळं काहीतरी बघू. कापडाचं वजन आणि घड्या तेवढ्या ठेवल्या.

२१ जानेवारी

लाइट गेले. सेव्ह केलं नव्हतं.

२५ जानेवारी

गेले चार दिवस हिरव्या कातडीशी मारामारी. चाहते कातडीचा रंग बदलला की चिडतात, आणि मला माणूस हिरवा का हे कुणी सांगितल्याशिवाय रंगवता येत नाही. जादूने झाला म्हणावं तर सगळंच जादूने होतं, मग डिझाइन कशाला करायचं?

उत्तर सहारातल्या तुआरेग लोकांबद्दल वाचताना सापडलं. त्यांच्यात तोंड झाकतात ते पुरुष, बायका नाही. डोक्याला आणि तोंडाला गुंडाळायचं ते लांब कापड म्हणजे तागेलमुस्त. त्यातल्या उंची कापडात नीळ नुसती बुडवून चढवत नाहीत, कुटून कुटून बसवतात, आणि कापडाला धातूसारखी चकाकी येते. ही नीळ अंगाला लागते. गालांना, कपाळाला, हातांना. म्हणून बाहेरच्यांनी त्यांना ‘निळे लोक’ म्हटलं.

माझ्या कॅनव्हासवर गेरुडोंचा गव्हाळ-तपकिरी रंग होता. त्यावर निळीचा एक लेयर मल्टिप्लाय मोडमध्ये, म्हणजे खालच्या रंगात मिसळून तो गडद करेल असा, ठेवला. चेहरा हिरवट झाला.

खुर्चीतून उठून पाणी पिऊन आले आणि पुन्हा बघितलं. तरी हिरवटच होता.

म्हणजे तो हिरवा जन्मलेला नाही. आयुष्यभर नीळ लावलेलं कापड तोंडाला गुंडाळून त्याचा रंग अंगात मुरलाय. जिथे कापड घासतं तिथे जास्त: गालफडं, नाकाचा शेंडा, कानामागे, मनगटं. पापण्या आणि ओठांच्या आतली बाजू मूळ रंगाची. पहिल्या प्रयत्नात सगळीकडे सारखा रंग दिला तर शेवाळ लागल्यासारखा दिसत होता, मग मास्क करून जागोजागी पुसला. लेयरची अपारदर्शकता शेवटी ३५ टक्क्यांवर स्थिरावली, कानामागे ६० च्या आसपास.

तुआरेगांचं गुंडाळण्याचं वळण, गाठ, दागिने, काही घेतलेलं नाही. रंग अंगाला लागतो, एवढंच घेतलं.

२ फेब्रुवारी

आई ब्लाउज शिवते, बत्तीस वर्षं. तिला झग्याचं पुढून-मागून-बाजूने असं पूर्ण टर्नअराउंड दाखवलं. चष्मा वर सरकवून बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “हे टिकलंय कशावर?”

“म्हणजे?”

“अगं, सव्वादोन किलोची घोंगडी म्हणालीस, तो एवढा आडवा माणूस, म्हणजे हा झगा चार-पाच किलोंचा तरी. एका बिल्ल्यावर लटकवलायस. दुसऱ्या पावलाला गळ्याला फास बसेल.”

गेम्समधले निम्मे राजे आत्तापर्यंत फास बसून मेले असते, हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं.

तिनेच कागदावर काढून दिलं. आतून खांद्यावरून काखेत जाणारे दोन पट्टे, भार पाठीवर. पुढे बाराबंदीला असतात तसे बंद, पण बाजूला, डाव्या काखेखाली. बंद स्वतःला एका हाताने बांधता येत नाहीत, दुसऱ्या कुणीतरी बांधून द्यावे लागतात. हे ती सहज बोलली आणि मी वहीत दोनदा अधोरेखित केलं. रोज सकाळी या माणसाला कुणीतरी कपडे घालून देतं.

कोण? ‘ऑकॅरिना’त त्याला वाढवणाऱ्या दोन म्हाताऱ्या जादूगारणी आहेत, जुळ्या. कोउमे आगीची, कोताके बर्फाची. दोघी एक झाल्या की ट्विनरोव्हा. खेळताना त्या आम्हाला निव्वळ विनोदी वाटायच्या, मेल्यावरही डोक्यावर तेजोवलय घेऊन भांडत वर जातात. आज पहिल्यांदा जाणवलं की दिवसाचा भाजणारा वारा आणि रात्रीचा गोठवणारा वारा, ही जोडी त्याच्या घरातच होती. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये (२०१७) गेरुडो वाळवंटात फिरताना हे अंगावर येतंच: दिवसा उन्हाने जीव कमी होत जातो, सूर्य बुडाला की त्याच वाळूत थंडीने.

म्हणून अस्तर दोन. बाहेरून सगळं काळं. आत उजव्या बाजूला पातळ, विरळ विणीचं, विझत्या निखाऱ्याच्या रंगाचं, दिवसासाठी. डाव्या बाजूला जाड लोकर, निळसर राखाडी, रात्रीसाठी. रात्री डावी बाजू उजवीवर ओढून घ्यायची आणि बंद आवळायचे. दोन्ही अस्तरांचा टाका वेगळा: कोउमेचा घाईचा, लांब, कोताकेचा बारीक, नको इतका नेटका. पाठीच्या मध्यावर दोन्ही भेटतात तिथे शिवण जरा वाकडी आहे, कारण तिथपर्यंत येऊन दोघींचं भांडण झालं असणार.

हे पाठीच्या आतल्या बाजूला आहे. कुणालाही दिसणार नाही. मी काढलंच.

६ फेब्रुवारी

किरकोळ गोष्टी उरकल्या. केस लालच, पण मोकळी आयाळ नको, वाळूत गुंता होईल. घट्ट वेणी, मानेवर वळवून बांधलेली. कपाळावरचा पिवळा खडा ठेवला, तो काढला तर तो गॅनॉनडॉर्फ राहत नाही. पायात रुंद तळाचे बूट. तलवार झग्याच्या आत, फक्त मुठीमुळे कापडाला आलेला फुगवटा. घोडा नंतर कधीतरी.

नाक आहे तसंच ठेवलं, बाकदार. दादाने विचारलं, ते तर तुला खटकत होतं ना? खटकत होतं ते नाकामुळे वाईटपणा दाखवणं. नाक आमच्या आजोबांचंही असंच होतं.

९ फेब्रुवारी

पोझ. सगळ्यांना सिंहासन हवं असतं, किंवा तलवार उपसलेली, मागे आग. मी दोन्ही करून बघितलं. सिंहासनावर झग्याचा घेर चुरगळतो, आणि तलवार काढली की एकतीस नंबरचा त्रिकोण मोडतो.

मग परत खिडकीशी आले. १९९८ मध्ये तो गुडघा टेकतो. २०२३ च्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’मध्येही, हजारो वर्षांपूर्वीच्या आठवणीत, तो हायरूलचा पहिला राजा राउरूसमोर गुडघा टेकून निष्ठेची शपथ घेतो. पंचवीस वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या कथांत तोच गुडघा. आणि दोन्ही वेळा बघणाऱ्याला कळतं की हे खोटं आहे, समोरच्या राजालाच तेवढं कळत नाही, किंवा कळूनही तो गप्प राहतो.

तर पोझ तीच. गुडघा टेकलेला, झग्याचा घेर फरशीवर पसरलेला, एक पंजा जमिनीवर टेकवलेला. आपण खिडकीबाहेर, लिंकच्या उंचीवर, म्हणजे कॅमेरा जेमतेम साडेतीन फुटांवर.

यात एक भर. तुआरेग पुरुष वडीलधाऱ्यांसमोर, परक्यांसमोर तोंडावरचं कापड वर ओढून घेतात, तो आदर. माझ्या गेरुडोंचीही रीत तशीच असेल असं धरलं आणि गॅनॉनडॉर्फने ते कापड हनुवटीखाली उतरवलंय. हायरूलच्या दरबाराला वाटेल, किती नम्र, चेहरा उघडा करून आला. त्याच्या एकाही बाईला तसं वाटणार नाही. हे चित्रातून कितीजणांना कळेल? बहुधा कुणालाच नाही. म्हणून बाजूला छोट्या आकृतीत त्याचं एरवीचं रूप काढलंय, कापड नाकापर्यंत.

(८ तारखेचा नियम इथे मोडला का? रंग घेणं वेगळं, रीत घेणं वेगळं. दोन दिवस यावर अडले होते. शेवटी ठेवलं, कारण रीत वाईट नाही, ती मोडणारा वाईट आहे. पण पूर्ण समाधान नाही, हे नोंदवून ठेवते.)

१५ फेब्रुवारी

शेवटचा दिवस. रंग पूर्ण, प्रकाश खिडकीतून, म्हणजे आपल्याच बाजूने, त्यामुळे त्याची मान वळताना डोळ्यांत उजेड पडतो. घेराची खालची किनार अजून अर्धवट आहे, ती तशीच जाईल. सहा आठवड्यांपैकी नऊ रात्री बुडाल्या, त्यातल्या तीन लाइटमुळे, बाकीच्या माझ्यामुळे.

एक गोष्ट काल रात्री सुचली आणि आज सकाळी घातली. नीळ अंगाला लागते, तर अंगाची फरशीलाही लागणार. त्याने जिथे पंजा टेकवलाय त्याच्या जरा पुढे, आधी हात टेकून उचलला असावा तशी, हायरूलच्या पांढऱ्या संगमरवरावर पाच बोटांची निळसर खूण.

दादाला फाइल पाठवली. त्याचं उत्तर: “खिडकी बंद कर.”

आईला मोठ्या स्क्रीनवर दाखवली. तिने बंद बघितले, खांद्याचा भार बघितला, मान डोलावली. मग त्या पंजाच्या खुणेवर बोट ठेवलं.

“रंग कच्चा आहे याचा,” ती म्हणाली. “बाकीच्या कपड्यांत मिसळून धुवायला टाकू नका म्हणावं.”